वावर विकून पायलट? कॅडेट प्रोग्राम, फ्लाइंग स्कूल आणि एनडीए यांचा हिशेब

घरात बारावी सायन्सचा पोरगा किंवा पोरगी आहे, विमान चालवायचं म्हणते, आणि घर चालतं कापूस-तूर-सोयाबीनवर, संत्र्याच्या बागेवर नाहीतर एखाद्या जिल्हा परिषदेच्या नोकरीवर. हा आढावा अशा घरासाठी लिहिला आहे. नागपुरात धंदा असलेल्या आणि कोटभर रुपये बाजूला काढू शकणाऱ्या घराला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

विदर्भात ही गोष्ट आता दूरची राहिलेली नाही. गोंदियाजवळ बिरसीला इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली धावपट्टी आहे. तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई ही कंपनी यांच्या भागीदारीतली नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट चालते. अमरावतीच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. त्याच विमानतळावर वर्षाला १८० पायलट घडवणारं केंद्र उभारण्याचं एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलं. धानाच्या बांध्यांवरून रोज छोटी विमानं घिरट्या घालताना दिसली की गावातल्या पोरांना ते आपल्याही आवाक्यातलं वाटू लागतं, आणि वाटायलाच पाहिजे.

मी बँकेत होतो, त्यातली बरीच वर्षं यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या ग्रामीण शाखांत गेली. शैक्षणिक कर्जाच्या फायली घेऊन येणारे आईबाप पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, शाळा कोणती चांगली?" माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की पायलट घडवायचा खर्च कोणी उचलायचा, आणि शिक्षण होऊनही नोकरी आली नाही तर तो तोटा कोणाच्या अंगावर राहतो. जगभर यावर वाद चालू आहे. त्या वादातली एक गोष्ट समजली की निवड बरीच सोपी होते, म्हणून थोडं तिकडून सुरू करतो.

पैसे नेमके कशाचे?

व्यावसायिक पायलटचा परवाना म्हणजे सीपीएल. त्यासाठी डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेचा, नियम २०० तास उड्डाणाचा. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन करायचे, शिवाय लांब पल्ल्याचं, रात्रीचं आणि निव्वळ उपकरणांवरचं उड्डाण. वय १८ पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित. लेखी परीक्षा हवाई दिशादर्शन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांच्या, पास व्हायला ७० टक्के. वर रेडिओ संभाषणाची वेगळी परीक्षा. भारतात उड्डाणाच्या एका तासाला साधारण पंधरा ते वीस हजार रुपये पडतात. राहणं-खाणं, परीक्षा, दोन इंजिनांचं प्रशिक्षण असं सगळं धरलं की आकडा ४५ ते ६० लाखांत जातो.

इतकं करूनही त्या मुलाला प्रवासी विमानात बसवता येत नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चालवायला त्या विमानाचं खास प्रशिक्षण लागतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. वर्ग, मग सिम्युलेटर, मग तपासणी. दोन-तीन महिन्यांचं काम आणि खर्च साधारण १५ ते २५ लाख. हे बहुतेक आईबापांना परवाना हातात आल्यावरच कळतं, आणि तोवर घरातली सगळी गंगाजळी संपलेली असते.

वाद मुख्यतः याच दुसऱ्या टप्प्यावरून आहे.

पूर्वी मोठ्या सरकारी विमान कंपन्या आपले पायलट आपणच घडवत. ब्रिटनमध्ये तिथल्या दोन सरकारी कंपन्यांनी १९६० साली हॅम्बल इथे स्वतःचं कॉलेज काढलं होतं आणि निवडलेल्या मुलांचा खर्च कंपनी करत असे. पुढे स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या, स्पर्धा वाढली आणि हा खर्च हळूहळू उमेदवाराकडे सरकला. आधी टाइप रेटिंग त्याच्या खिशातून होऊ लागलं. काही देशांत तर गोष्ट त्याहून पुढे गेली. परवाना असलेला नवखा पायलट प्रवाशांनी भरलेल्या विमानात को-पायलट म्हणून बसतो आणि त्या तासांचे पैसे उलट तोच कंपनीला देतो. प्रवाशांनी तिकीट काढलेल्या विमानात काम करणाऱ्या माणसाकडून कामाचेच पैसे घेणं मला सरळ अन्याय वाटतो, आणि तो कुठल्याही हिशेबाने योग्य ठरवता येणार नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. त्या म्हणतात, आम्ही वीस लाख खर्चून मुलाला शिकवतो आणि वर्षभरात शेजारची कंपनी थोडा जास्त पगार देऊन त्याला उचलते. हे घडतं. त्यावर उपाय बाँडचा: अमुक वर्षं नोकरी कर, नाहीतर खर्च परत दे. कंपनीने पैसे घातले असतील तर असा बाँड मला रास्त वाटतो. पैसे मुलाच्या बापाने घातले आणि वर बाँडही मुलानेच लिहून द्यायचा, हे मात्र मान्य होण्यासारखं नाही. करार वाचताना ही जागा पहिल्यांदा शोधा.

माझं मत असं. सीपीएल हे मुलाचं शिक्षण आहे. ते कुठेही चालतं, त्याच्या नावावर राहतं, त्याचा खर्च घराने किंवा शिष्यवृत्तीने उचलावा. टाइप रेटिंग ही कंपनीच्या विशिष्ट विमानाची तयारी आहे, ती कंपनीने तिच्या पैशाने करून घ्यावी. ब्रिटिश एअरवेजने २०२३ मध्ये संपूर्ण खर्च कंपनीने उचलायची योजना पुन्हा आणली, म्हणजे हे अशक्य नाही. भारतात सर्रास तसं होत नाही. तरी हीच रेघ तुमच्या निर्णयासाठी उपयोगी आहे: जे शिक्षण सगळीकडे चालेल त्याला स्वतःचा पैसा लावा, जे एकाच प्रकारच्या विमानापुरतं आहे त्याला नोकरीचं पत्र हातात आल्याशिवाय लावू नका.

कॅडेट प्रोग्राम: एक कोटी आणि एक पत्र

इंडिगो, एअर इंडिया यांसारख्या कंपन्या बारावीनंतर मुलांची निवड करून त्यांना ठरावीक प्रशिक्षण संस्थेत पाठवतात. तिथे सीपीएल, टाइप रेटिंग सगळं एकाच साखळीत होतं आणि शेवटी त्या कंपनीत को-पायलटची जागा. एकूण खर्च एक कोटीच्या आसपास किंवा त्याहून वर, आणि तो बहुतेक वेळा घरचाच.

याची चांगली बाजू खरोखर चांगली आहे. निवड परीक्षा आधीच होते, त्यामुळे ज्याला हे काम झेपणार नाही तो पैसे भरण्याआधी बाहेर पडतो. शिस्त असते, विमानं असतात, दीड-दोन वर्षांत काम आटोपण्याची शक्यता जास्त. वेळापत्रक पाळलं जाणं म्हणजे काय, हे तीन-तीन वर्षं हवामान, विमान आणि प्रशिक्षक यांची वाट पाहत बसलेल्या मुलाच्या बापाला विचारा.

पण हातात मिळणारं पत्र सशर्त असतं. मुलाची कामगिरी, वैद्यकीय तपासणी, आणि त्या वेळची कंपनीची गरज. पहिल्या दोन अटी मुलाच्या हातात थोड्याफार आहेत, तिसरी अजिबात नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. २०२० मध्ये कोविड आला. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रत्येक वेळी अनुभवी पायलट कुठेतरी लागले, नवखे मात्र रांगेच्या शेवटी गेले. जेटची बरीच विमानं बोइंग ७३७ होती. त्यावर शिकलेल्यांना एअरबस चालवणाऱ्या कंपन्यांत जायचं तर टाइप रेटिंग नव्याने करावं लागलं. एकाच विमानाला बांधलेला पैसा असा एका दिवसात निकामी होऊ शकतो.

"पायलटची टंचाई आहे" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक जाहिरातीत आणि प्रत्येक सेमिनारमध्ये ऐकू येईल. ते अर्धं खरं आहे. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्यामुळे पायलट लागणार आहेतच. कामाच्या तासांचे आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेही सगळ्यांनी पाहिलं. पण कंपन्यांना जी टंचाई जास्त जाणवते ती कॅप्टनची, आणि कॅप्टन व्हायला को-पायलट म्हणून काही वर्षं आणि हजारो तास लागतात. दुसऱ्या टोकाला २०० तासांचा परवाना घेतलेले नवे लोक दरवर्षी बाजारात येतात. एकट्या २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. टंचाई आणि रांग दोन्ही एकाच वेळी असू शकतात. तुमचं मूल सुरुवातीला रांगेत असणार.

फ्लाइंग स्कूल: स्वस्त, पण सावधपणे

दुसरा मार्ग जुना आहे. एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत सीपीएल करायचं, मग कंपन्यांच्या परीक्षा द्यायच्या, निवड झाली की टाइप रेटिंग. यात पहिल्या टप्प्यात घालायचा पैसा कॅडेटच्या निम्म्याच्या आसपास असतो, आणि मला यातली मोठी सोय वाटते ती थांबता येण्याची. पहिले दोन-तीन लाख खर्चून वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा आटोपता येतात. त्या नाही जमल्या तर घर मोडत नाही.

यात पहिला विचार सरकारी संस्थेचा करावा. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी, इग्रुआ, उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या फुर्सतगंजला आहे. प्रवेश परीक्षा बारावीच्या पातळीची: इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र, तर्क. त्यानंतर अभियोग्यता चाचणी आणि मुलाखत. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गासाठी राखीव जागा आहेत. शुल्क पन्नास लाखांच्या घरात जातं, पण संस्थेचं नाव कंपन्यांना माहीत असतं. बिरसीची संस्था घराजवळ आहे. भंडारा-गोंदियाच्या मुलाला तिथे प्रत्यक्ष जाऊन, धावपट्टीवर विमानं उडताना पाहून, शिकणाऱ्या मुलांशी बोलून ठरवता येतं, आणि त्याची किंमत एका एसटीच्या तिकिटाइतकी आहे. जरूर जा. शिकणारी मुलं खरं सांगतात.

नागपूर फ्लाइंग क्लबही विदर्भाचा आहे आणि जुना आहे. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी याच क्लबमार्फत व्यावसायिक पायलट प्रशिक्षणाची योजना आणली. प्रवर्ग बसत असेल तर संस्थेच्या कार्यालयात जाऊन या वर्षी जाहिरात आहे का आणि आधीच्या तुकडीचे किती तास पूर्ण झाले, हे दोन्ही विचारा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतही सीपीएल पहिल्या गटात धरलेलं आहे. तालुक्याला याची माहिती क्वचित मिळते. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावं लागतं, आणि पहिल्या खेपेला नकार आला तरी दुसऱ्यांदा जावं लागतं.

खासगी शाळांच्या बाबतीत मी कडक आहे. डीजीसीएने २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या यादीत सगळ्यांत वरच्या श्रेणीत एकही शाळा बसली नाही. ती यादी आधी पाहा. मग शाळेत जाऊन विचारा: आज उडण्याच्या स्थितीत विमानं किती, विद्यार्थी किती, पूर्णवेळ प्रशिक्षक किती, आणि गेल्या तुकडीला २०० तास पुरे करायला किती महिने लागले. पंचवीस-तीस विद्यार्थ्यांमागे दोन विमानं असतील तर तिथून उठून या. विदर्भातल्या उन्हाळ्याचाही हिशेब धरा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हवा विरळ होते, लहान विमानाला उंची गाठायला जड जातं आणि उड्डाण पहाटेच्या दोन-तीन तासांवर येतं. पावसाळ्यात ढग आणि वादळं. म्हणून "बारा महिन्यांत पूर्ण" असं कोणी लिहून देत असेल तर जून ते सप्टेंबर काय करता, तेही लिहून मागा.

पूर्ण शुल्क एकदम भरल्यास पाच लाखांची सूट, अशा ऑफर असतात. घेऊ नका. शाळा अडचणीत आल्यावर आगाऊ भरलेला पैसा परत मिळवणं फार कठीण जातं. तासांच्या टप्प्यांनी पैसे भरायचे आणि प्रत्येक टप्प्याला मुलाचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची नोंदवही, स्वतः पाहायचं. बापाला इंग्रजी येत नसेल तरी तासांचे आकडे वाचता येतात.

परदेशाबद्दल थोडक्यात: अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे वर्षभरात तास पूर्ण होतात. पण परत आल्यावर डीजीसीएच्या परीक्षा आणि तपासणी उड्डाणं करून परवाना बदलून घ्यावा लागतो, आणि दरम्यान रुपया घसरला तर तो फरकही तुमच्याच खिशातून जातो. शहरात नातेवाईक, डॉलरमध्ये मदत करणारं कोणी असेल तरच बघा.

कर्ज आणि सातबारा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण घरं मोडलेली मी इथेच पाहिली.

समजा घराने ८० लाखांचं कर्ज काढलं. व्याज ११ टक्के, फेड दहा वर्षांत. महिन्याचा हप्ता येतो साधारण १ लाख १० हजार रुपये, आणि दहा वर्षांत एकूण भरायचे सव्वा कोटीहून जास्त. शिकत असताना चढणारं व्याज वेगळं. पूर्ण रक्कम उचललेली असेल तर ते वर्षाला पावणेनऊ लाखांच्या वर होतं. आता हे कापसात मोजू. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल आहे. एका हप्त्याला चौदा क्विंटलच्या वर कापूस लागतो, वर्षाला पावणेदोनशे क्विंटलच्या जवळ. कोरडवाहू वावरात एकरी पाच-सहा क्विंटल धरला तर एकोणतीस ते चौतीस एकरांचा सगळा माल, बियाणं-खत-वेचाईचा एक रुपयाही वजा न करता, नुसत्या हप्त्यात जाईल. विदर्भात किती घरांकडे तीस एकर वावर आहे, हे तुम्हीच आपल्या गावात मोजा. म्हणजे शेतीतून हा हप्ता फिटत नाही. तो फक्त पायलटच्या पगारातून फिटतो, आणि पगार सुरू होण्याची तारीख कोणालाच माहीत नसते. को-पायलटचा पगार सुरुवातीला दीड-दोन लाखांपर्यंत जातो हे खरं, पण प्रशिक्षणार्थी म्हणून पहिले काही महिने हातात येणारी रक्कम त्याहून बरीच कमी असू शकते.

दुसरी गोष्ट तारणाची. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. पुष्कळ कास्तकार सातबारा घेऊन येतात. पण कर्जवसुलीचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँका शेतजमीन तारण घ्यायला नाखूष असतात. त्यांना हवं असतं अकृषक प्लॉट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव. गावठाणातल्या घराचं मूल्यांकन फार कमी येतं. मग कोणीतरी सुचवतो, "वावर विकून टाका, पोट्टं पायलट झालं की दुप्पट घेईन." सातबाऱ्यावर काका, आत्या, बहिणींची नावं असतात. जमीन वर्ग दोनची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही. ही सगळी कटकट घाईत उरकायला गेलं की भाव पडतो आणि भावकीत वितुष्ट येतं. कमाईचं एकमेव साधन असलेलं वावर पायलटच्या प्रशिक्षणासाठी विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, मूल कितीही हुशार असलं तरी. जास्तीचा प्लॉट आहे, पडीत तुकडा आहे, तो वेगळा विषय.

तिसरी, सवलतीच्या मुदतीची. साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरात हप्ता सुरू होतो. शाळेने दोन वर्षांचा कोर्स साडेतीन वर्षं लांबवला तर ती मुदत आधीच खर्ची पडते. कर्जाच्या अर्जात कोर्सचा कालावधी लिहिताना शाळेच्या पत्रकावर जाऊ नका, मागच्या तुकडीला प्रत्यक्ष लागलेले महिने लिहा आणि बँकेशी तेवढं बोलून घ्या.

आणि वाट पाहण्यालाही खर्च असतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर परवाना दहा वर्षं चालतो, पण पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी आणि उपकरण उड्डाणाची तपासणी दरवर्षी करावी लागते. नोकरी नसलेल्या मुलाचेही त्यावर पैसे जातात. कर्जाखाली दबलेला पायलट बरं नसताना किंवा थकलेला असताना "आज मी उडणार नाही" असं म्हणायला कचरतो, ही भीतीही मला खरी वाटते. म्हणून हप्त्याचा प्रश्न विमानातल्या सगळ्यांचाच होतो.

एनडीए: पैसे सरकारचे, आयुष्यही थोडं सरकारचं

हवाई दल हा तिसरा मार्ग, आणि ग्रामीण घरात तो सगळ्यांत कमी विचारात घेतला जातो, याचं मला दुःख आहे. एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी; तिच्यासाठी यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, बारावीला बसलेला मुलगा देऊ शकतो, हवाई दलासाठी भौतिकशास्त्र-गणित हवं. अर्जाचे शंभर रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना तेवढेही नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींनाही एनडीएचं दार उघडलं आणि २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली. खडकवासला, मग हैदराबादजवळचं दुंडिगल. प्रशिक्षणाचा खर्च शासनाचा.

तयारीसाठी राज्य सरकारची छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी १९७७ पासून आहे, मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था सुरू झाली आहे. दहावीनंतर निवड होते, म्हणून हे बारावीत कळून उपयोग नाही. नववी-दहावीतल्या मुलांच्या आईबापांनी हा परिच्छेद वाचावा. विदर्भात चंद्रपूरला सैनिकी शाळाही आहे.

अडचणी स्पष्ट सांगतो. जागा थोड्या, स्पर्धा देशभराची. मुलाखत पाच दिवसांची, आणि पायलटची अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झाला तर हवाई दलात पायलट म्हणून दार बंद. डोळ्यांचे निकष नागरी विमानसेवेपेक्षा कडक. आणि हा एअरलाइनला जायचा फुकट रस्ता समजू नये; एनडीएतून गेलेला अधिकारी दीर्घ सेवेसाठी जातो. पदवीनंतर हवाई दलाच्या एएफकॅट परीक्षेतून अल्पसेवा मिळते, ती उड्डाण शाखेत १४ वर्षांची. तिथून बाहेर पडलेल्याच्या हातात अनुभवाचे भरपूर तास असतात आणि डोक्यावर कर्ज नसतं. सीपीएल आधीच असेल तर एएफकॅटच्या उड्डाण शाखेला वयाची अट २४ ऐवजी २६ पर्यंत सैल होते, हे फ्लाइंग स्कूलच्या मुलांनीही ध्यानात ठेवावं.

माझ्या पुतण्याला मी काय सांगेन

आधी वैद्यकीय. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची तपासणी. चष्मा चालतो, रंगांधत्व चालत नाही. काही हजारांत हे कळतं आणि यात अडलं तर पुढचा एक रुपयाही खर्च करायचा नाही. ही तपासणी शाळेत पैसे भरल्यानंतर करणारी घरं मी पाहिली आहेत.

त्याच वर्षी एनडीएचे दोन्ही प्रयत्न द्यायचे. सोबत इग्रुआची प्रवेश परीक्षा. गणित-भौतिकशास्त्राची तयारी तीच असते. घरी बसून डीजीसीएच्या लेखी परीक्षांची पुस्तकं आणायची, हवामान आणि दिशादर्शन हे दोन पेपर काढून दाखवायचे. ते निघाले तर उड्डाणाला पैसे घालायचे, तेही टप्प्याटप्प्याने, आणि त्या संस्थेत जिथे मागच्या तुकडीचे तास वेळेत झाले.

कॅडेट प्रोग्राम मी अशाच घराला सांगेन जिथे दोन वर्षं नोकरी नाही लागली तरी हप्ता भरण्याची सोय शेतीबाहेरून आहे: आईबाप दोघं नोकरीत, किंवा शहरात भाड्याचं उत्पन्न. त्या घरासाठी तो चांगला आहे, आणि मुलाने निवड परीक्षा काढली तर मी अडवणार नाही. बाकीच्यांनी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. प्रशिक्षण संपून किती महिन्यांत रुजू करून घेणार. नाही घेतलं तर टाइप रेटिंगचे पैसे परत मिळणार का. आणि पैसे आम्ही भरले असताना बाँड कशासाठी. ईमेलवर विचारा, फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका, आणि उत्तर येईपर्यंत पहिल्या हप्त्याचा डीडी काढू नका.